हुंडी, अफू आणि मंदी: जमशेटजी जीजीभॉय यांच्या चीन-व्यापाराची पार्श्वभूमी

मुंबईकरांना जे. जे. हे नाव रुग्णालयामुळे आणि कलाशाळेमुळे परिचित आहे. त्या देणग्यांमागचा पैसा मात्र मुख्यतः चीनला पाठवलेल्या कापसातून आणि अफूतून आला होता. १७८३ मध्ये जन्मलेल्या जमशेटजींनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांपैकी एकीत, १८०५ साली, ते प्रवास करत असलेले ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा स्कॉटिश वैद्य होता. पुढे चीनच्या कँटन बंदरातली जार्डिनची जार्डिन मॅथेसन ही पेढी जमशेटजींची मोठी आडतदार, म्हणजे दलालीवर माल विकणारी, झाली.

माळव्याची अफू मुंबईहून रवाना होई, कँटनची पेढी ती विकून चांदी मिळवी आणि त्या रकमेची लंडनवर किंवा कलकत्त्यावर काढलेली हुंडी, म्हणजे तिथल्या पेढीने पैसे द्यावेत असा लेखी आदेश, मुंबईस येई. या फेऱ्यात महिनोन्‌महिने जात, आणि तोवर मुंबईच्या पेढीला केवळ बाजारातली आपली पत वापरून देणी भागवावी लागत. १८३४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची चीन-व्यापारातली मक्तेदारी संपल्यावर अमेरिकी व्यापाऱ्यांनी लंडनवर काढलेल्या हुंड्यांचे महत्त्व वाढले होते. त्यामुळे १८३७ च्या अमेरिकी मंदीत लंडनमधल्या अमेरिकेशी व्यापार करणाऱ्या तीन पेढ्या बुडाल्या, तेव्हा त्या धक्क्याची झळ कँटनपर्यंत पोहोचली.

खरा पेच १८३९ मध्ये आला. चिनी सम्राटाचे आयुक्त लिन झेशू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन हुमेन येथे नष्ट केल्या. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स इलियट यांनी भरपाईचे आश्वासन दिले खरे, पण ते पुरे व्हायला चार वर्षे लागली. यातून पेटलेले ब्रिटन-चीन अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानजिंग तहात २ कोटी १० लाख डॉलरच्या एकूण दंडापैकी ६० लाख अफूपोटी ठरले, तरी व्यापाऱ्यांना मिळालेली रक्कम त्यांच्या मागणीहून बरीच कमी भरली. त्याच साली जमशेटजींना नाइटहूड मिळाले. हा योगायोग असला तरी बोलका आहे, कारण ज्या मालासाठी युद्ध झाले तो विकणाऱ्यालाच राजदरबारी मान मिळत होता.

भरपाई मिळूनही कंपनीचा हात सैल झाला नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीमार्गे अफू बाहेर नेण्याची चोरवाट बंद झाली आणि मुंबईला येणाऱ्या प्रत्येक पेटीवरचा पास, म्हणजे वाहतूक परवान्याचे शुल्क, १२५ रुपयांवरून २०० वर, तर १८४७ पर्यंत ४०० वर नेण्यात आला.