साम्राज्य गेलं, राष्ट्रकुल का राहिलं?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी, सगळ्यावर भरभरून बोलून झालं. एका गोष्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. स्पर्धेतले आठही संघ राष्ट्रकुलातले, म्हणजे मुख्यतः जुन्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या संघटनेतले होते: भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान.

यात नवल काही नाही. आजच्या आयसीसीची स्थापना १९०९ मध्ये ‘इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स’ या नावाने झाली, आणि तिचं सभासदत्व साम्राज्यातल्या, पुढे राष्ट्रकुलातल्या देशांपुरतंच होतं. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिका राष्ट्रकुलातून बाहेर पडली तेव्हा क्रिकेटच्या या संस्थेतलं तिचं सभासदत्वही गेलं. ‘इम्पीरियल’ हा शब्द नावातून जायला १९६५ उजाडलं.

म्हणजे ज्या संघटनेला आपण ‘चार वर्षांनी एकदा पदकं मिळतात ती’ एवढंच ओळखतो, तिचे धागे बरेच खोल गेलेले आहेत. मग नेहमीचा प्रश्न येतो: इंग्रज गेले, आता हे शेपूट कशाला? ठाणेकराने तो विचारला तर त्यात चूक काहीच नाही. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी मराठ्यांकडून १७७४ च्या डिसेंबरात घेतला, पुढे त्याचाच तुरुंग झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी तिथे क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. हे कारागृह आजही त्याच जागी आहे. अशा गावाला राजाचं नाव घेणारी संघटना गोड कशी लागावी?

पण राष्ट्रकुल आज ज्या रूपात आहे ते लंडनने एकट्याने घडवलेलं नाही, त्यात दिल्लीचा हात मोठा आहे. १९२६ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे वसाहतींना ब्रिटनच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, पण अट एकच होती, राजा सगळ्यांचा एक. काँग्रेसने वसाहतीच्या स्वराज्याची ही कल्पना डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला बाजूला सारून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. तरीही सत्तांतर झालं ते वसाहतीच्या स्वराज्याच्याच चौकटीत. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याच्या भाषेत सहावा जॉर्ज हाच भारताचा राजा होता. शाळेच्या पुस्तकात ही अडीच वर्षं फार पटकन उरकतात.

घटना समितीने प्रजासत्ताक व्हायचं ठरवलं आणि पेच उभा राहिला. तोवरचा रिवाज साधा होता: राजा नको असेल तर राष्ट्रकुलही नाही. ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला तो राष्ट्रकुलात आलाच नाही. आयर्लंड १८ एप्रिल १९४९ ला बाहेर पडला. त्यानंतर काही दिवसांतच लंडनमध्ये आठ देशांचे पंतप्रधान आणि प्रतिनिधी भारताचं काय करायचं यावर बसले. त्यातून निघालेला लंडन जाहीरनामा चारदोन परिच्छेदांचाच आहे, पण कारागिरी बघण्यासारखी आहे. त्यात बाकीच्या देशांची राजनिष्ठा जिथल्या तिथे ठेवली आहे. भारत सार्वभौम प्रजासत्ताक होणार, हे भारताच्या तोंडून नोंदवलं आहे. आणि भारताने राजाला फक्त स्वतंत्र देशांच्या मुक्त सहवासाचं प्रतीक, आणि त्या अर्थाने राष्ट्रकुलाचा प्रमुख मानलं आहे. राजाला ना अधिकार, ना त्याच्या नावाची शपथ. संघटनेच्या नावापुढचं ‘ब्रिटिश’ही त्यात गळालं.

नेहरूंवर त्यासाठी डावीकडून आणि समाजवाद्यांकडून टीका झाली. त्यांचा हिशेब मात्र व्यवहारी होता. भारताची स्टर्लिंगमधली, म्हणजे ब्रिटिश पौंडातली, शिल्लक लंडनमध्ये अडकलेली, सैन्याची सामग्री ब्रिटिश बनावटीची, आणि मलायापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत लाखो भारतीय पसरलेले. मे १९४९ मध्ये घटना समितीने जाहीरनाम्याला मान्यता दिली. पुढे आफ्रिका-आशियातले नवे देश एकेक करून आत आले ते याच दारातून. आज ५६ सभासदांपैकी ३६ प्रजासत्ताकं आहेत. ब्रिटनच्या राजाला आपला राजा मानणारे देश उरलेत १५, आणि पाच देशांचे राजे त्यांचे स्वतःचे.

या संघटनेचा सर्वांत कसदार काळ दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक झाली आणि सभासदत्व चालू ठेवायला तिला इतरांची संमती लागली. नेहरू, मलायाचे टुंकू अब्दुल रहमान आणि कॅनडाचे डीफेनबेकर अडून बसले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान फेरवूर्ट याने अर्जच मागे घेतला. १९८६ मध्ये राष्ट्रकुलाचं मान्यवरांचं पथक तुरुंगात जाऊन मंडेलांना भेटलं, त्यात आपले माजी परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते. त्याच वर्षी ब्रिटनचं थॅचर सरकार दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लावायला तयार नव्हतं म्हणून एडिंबराच्या राष्ट्रकुल खेळांवर भारतासह ३२ देशांनी बहिष्कार टाकला. ब्रिटनला अडचणीत आणायला याच संघटनेचं व्यासपीठ वापरलं गेलं, हे विसरू नये. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिका परतली.

ब्रिटनने मात्र हळूहळू पाय काढता घेतला. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलाचा नागरिक ब्रिटनमध्ये जवळपास मुक्तपणे जाऊन राहू शकत होता. त्या वर्षीच्या कायद्याने ते दार लोटलं, आणि १९७३ मध्ये ब्रिटनने युरोपच्या सामायिक बाजारात बस्तान बसवलं. एक खिडकी मात्र उघडी राहिली. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पासपोर्ट घेऊन शिकायला लेस्टरला गेलेली ठाण्याची मुलगी तिथे रीतसर राहत असेल आणि तिने मतदार यादीत नाव नोंदवलं, तर ती ब्रिटनच्या संसदेसाठी मत देऊ शकते. तिच्या शेजारच्या खोलीतल्या जर्मन किंवा अमेरिकन मुलाला तो हक्क नाही. व्हिसासाठी हेलपाटे तिलाही, मत मात्र तिलाच! साम्राज्याने मागे ठेवलेल्या विसंगतींमध्ये ही माझी सर्वांत आवडती.

आज राष्ट्रकुलाची खरी गरज आहे ती छोट्या देशांना. ५६ पैकी ३३ छोटे आहेत. अकरा-बारा हजार वस्तीच्या तुवालूला समुद्र वर चढतोय हे भारत, ब्रिटन, कॅनडाच्या बरोबरीने बसून सांगायला अशा जागा फार नाहीत. मोझांबिक, रवांडा, गॅबन, टोगो यांच्यावर तर ब्रिटनचं वसाहतीचं राज्य नव्हतंच. तरी ते मागून येऊन बसले, रवांडा २००९ मध्ये, गॅबन आणि टोगो २०२२ मध्ये. ऑक्टोबर २०२४ ला सामोआतल्या आपियाला भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेत तर ब्रिटनला नको असतानाही गुलामगिरीच्या भरपाईचा विषय अंतिम निवेदनात आला.

आणि भारत? राष्ट्रकुलातली निम्म्याहून अधिक माणसं आपली. पण आपियाची परिषद भरली त्याच आठवड्यात रशियातल्या कझानला ब्रिक्सची बैठक होती. पंतप्रधान कझानला गेले, सामोआला किरेन रिजिजू. २०१५ ला माल्टात सुषमा स्वराज होत्या, २०२२ ला किगालीत जयशंकर. मधल्या काळात पंतप्रधान गेले ते २०१८ च्या लंडन परिषदेला, जिथे पुढचा प्रमुख चार्ल्स असेल हे ठरलं. थोडक्यात, घर ज्यांच्या अटीवर उभं राहिलं ते आता पाहुण्यासारखे येतात.

राष्ट्रकुल खेळांची अवस्थाही तशीच झाली होती. खर्च झेपत नाही म्हणून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं यजमानपद २०२३ मध्ये सोडलं. ग्लासगोने ते उचललं, पण दहाच खेळांवर, आणि त्यात हॉकी, कुस्ती, नेमबाजी, बॅडमिंटन गेले, म्हणजे आपल्या पदकांची खाणच गेली. नेरुळच्या त्या अंतिम सामन्याच्याच महिन्यात २०३० च्या खेळांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला ‘ब्रिटिश एम्पायर गेम्स’ म्हणून सुरू झालेल्या या खेळांची ती शंभरी असेल. मैदानं बांधायला पैसा आहे, हौसही आहे. पण खेळांचं यजमानपद घ्यायचं आणि परिषदांना मंत्री पाठवून मोकळं व्हायचं, हे फार काळ जमेल असं मला वाटत नाही. पुढची परिषद २०२६ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडात ठरली आहे, आणि छोटे देश तिथे दिल्लीतून कोण येतं ते नक्की मोजणार.