श्रवणयंत्रामुळे कान आळशी होतो का?

‘एकदा श्रवणयंत्र लावलं की कान आळशी होतो, उरलंसुरलं ऐकू येणंही जातं.’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे. तपासणीला येणारे कितीतरी जण हीच धास्ती घेऊन येतात, आणि ती वाटायला कारणही आहे.

महिनाभर यंत्र वापरून रात्री काढून ठेवलं की घर एकदम मुकं वाटतं. पूर्वी इतकं कमी ऐकू येत नव्हतं, असं वाटणं साहजिक. पण बदललेली असते ती मेंदूची सवय. पंख्याची घरघर, भांड्याला लागलेला चमचा, शब्दातला ‘स’ पुन्हा कानी पडायला लागल्यावर आधीची शांतता खटकते.

वयोमानाने ऐकू कमी येतं ते बहुतेकदा आतल्या कानातल्या सूक्ष्म केशपेशी झिजल्याने. त्या म्हणजे स्नायू नव्हेत. ताण देऊन बळकट होत नाहीत, मदत मिळाली म्हणून सुस्तावतही नाहीत. यंत्र लावा किंवा लावू नका, ही झीज हळूहळू चालूच राहते.

पडताळायचं कसं? यंत्र घेण्याआधीचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, जपून ठेवा. सहा महिन्यांनी यंत्र काढून, ध्वनिरोधक खोलीत पुन्हा चाचणी करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा. 5 डेसिबलचा फरक तर एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांतही पडतो, तेवढ्यावरून ऐकणं घटलं असं समजू नका.

सावध राहायचं ते चाचणी न करता घेतलेल्या, सगळेच आवाज सरसकट मोठे करणाऱ्या उपकरणापासून. चाचणीनुसार बसवलेल्या यंत्रात कमाल आवाजाची मर्यादा घातलेली असते. तुमच्या यंत्रात ती किती ठेवली आहे, हे जरूर विचारा.