वास्प : चालू मॅचचा निकाल वर्तवणारं मॉडेल

वास्प म्हणजे विनिंग अँड स्कोअर प्रेडिक्टर. वनडे किंवा टी-२० मॅच चालू असताना पहिल्या डावात शेवटी स्कोअर किती होईल आणि दुसऱ्या डावात चेस करणारी टीम जिंकायची शक्यता किती टक्के, हे ते सांगतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीत स्कॉट ब्रूकर यांच्या पीएचडीच्या कामातून, त्यांचे गाईड शेमस होगन यांच्यासोबत हे तयार झालं आणि २०१२ मध्ये तिथल्या स्काय स्पोर्टने ते टीव्हीवर आणलं.

खरी कमाल आहे ती हिशोबाच्या पद्धतीत. आपल्याला वाटतं की १० ओव्हरला ६० वर ३ अशा जुन्या सगळ्या मॅचेस काढा आणि त्यातल्या किती जिंकल्या ते मोजा, झालं, पण तशा मॅचेस मोजक्याच सापडतात आणि ५ ओव्हरमध्ये ५ विकेट असली परिस्थिती तर फारच क्वचित येते, मग टक्केवारी काढणार कशावरून? म्हणून वास्प शेवटाकडून सुरुवात करतं. आधी डावाचा शेवटचा बॉल घ्यायचा, इतक्या विकेट हातात असताना त्यावर सरासरी किती रन निघतात आणि विकेट जायचा चान्स किती ते बघायचं, मग त्याच्या आधीचा बॉल, मग त्याच्या आधीचा, असं करत करत पहिल्या बॉलपर्यंत यायचं. याला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. ५० ओव्हरच्या डावात ३०० बॉल गुणिले १० विकेट अशा ३००० परिस्थिती होतात, आणि चेसमध्ये अजून किती रन हवेत हेही धरावं लागतं म्हणून पसारा कितीतरी वाढतो. त्या दिवशी त्या ग्राउंडवर बॅटिंग किती सोपी आहे याचा अंदाजही वरून द्यावा लागतो.

डकवर्थ-लुईस वेगळं. ओव्हर आणि विकेटचा हिशोब तिथेही आहे पण त्याचं काम पाऊस पडल्यावर टार्गेट ठरवायचं, जिंकणार कोण हे ते सांगत नाही.

वास्पला खेळाडूंची नावं माहीत नसतात, आघाडीची एक सरासरी टीम तशाच दुसऱ्या टीमशी खेळतेय असं ते धरतं. ७ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध २९२ चेस करताना ऑस्ट्रेलिया ९१ वर ७ होती, अशा वेळी कुठलंही मॉडेल अगदी किरकोळ टक्के देणार, आणि मॅक्सवेलने नाबाद २०१ करून मॅच काढली. मग लोक म्हणतात मॉडेल फेल गेलं. हे मला अजिबात पटत नाही. ५ टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि एका मॅचवरून मॉडेल तपासताच येत नाही. खूप मॅचेसमध्ये जिथे जिथे २० टक्के दाखवलं तिथे साधारण पाचात एकदा ती टीम जिंकायलाच हवी, कधीच जिंकली नाही तर मॉडेलमध्ये गडबड आहे. या तपासणीला कॅलिब्रेशन म्हणतात आणि टीव्हीवर टक्के रोज दिसतात पण ही तपासणी कुणी दाखवत नाही, ती दाखवायला हवी.

अडचण खरी येते ती डेटा जुना झाल्यावर. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेयर, म्हणजे मॅच चालू असताना एक खेळाडू बदलायची मुभा, आला, टीम्सना एक जादा बॅट्समन मिळाला, आणि २६ एप्रिल २०२४ ला ईडन गार्डन्सवर पंजाबने २६२ चं टार्गेट ८ बॉल राखून गाठलं. त्याआधीच्या दहा वर्षांच्या मॅचेसवर बांधलेलं मॉडेल असा चेस जवळपास अशक्यच धरणार, म्हणून ताज्या मॅचेसना जास्त वजन देऊन ते परत परत बसवावं लागतं.