हलका म्युझिक प्लेअर

घरच्या संगणकात साठवलेली गाणी वाजवणारा, पण त्यासाठी मेमरी आणि प्रोसेसर अगदी बेताने वापरणारा प्रोग्राम. डाउनलोड किती एमबीचे यावरून हलकेपणा ठरवण्याची रीत आहे, पण ती फसवी. नुसते गाणे वाजवायला आजच्या कुठल्याही संगणकाला कष्ट पडत नाहीत. भार वाढतो तो प्लेअरच्या इतर उद्योगांमुळे: उघडताच अख्खी हार्ड डिस्क चाळणे, अल्बमची चित्रे नेटवरून आणणे, न विचारता स्वतःला अद्ययावत करत राहणे.

१९९० च्या दशकात वाजवणे हेच जड काम होते. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट खातो. एमपी३ मध्ये तो दाबून १२८ वर आला, म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. जागा वाचली, पण आवाज उलगडण्याचे काम प्रोसेसरवर पडले. अशा काळात, १९९७ मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव यांचा विनअँप हा प्लेअर आला आणि घरोघरी पोचला. फ्रँकेल यांची नलसॉफ्ट ही कंपनी १९९९ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने घेतली. विनअँपची २००२ ची तिसरी आवृत्ती इतकी संथ निघाली की अनेकांनी दुसरी सोडलीच नाही. नंतर ‘दोन अधिक तीन’ म्हणून थेट पाचवी काढावी लागली.

२००२ च्याच अखेरीस, नलसॉफ्टसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी विंडोजसाठी फूबार२००० आणला. फुकट, पण मुक्त स्रोत नव्हे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला नाही. दिसायला रुक्ष, आणि तोच त्याचा गुण: गाभा लहान, बाकीचे घटक ज्याला हवेत त्याने जोडावेत. लिनक्सवर ऑडेशस हा मुक्त स्रोत प्लेअर जुन्या विनअँपची रूपडीही चढवू देतो. सीमस तर टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरी आज्ञांच्या खिडकीतच चालतो. माउसची गरज नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने पहिली परीक्षा सलग वादनाची घ्यावी. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असतात, मधला तबला मात्र अखंड असतो. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठरावीक चौकटींत, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत भरला जातो. त्यामुळे फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा उरते. लेम हा एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम, ती किती, याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. प्लेअरने ती वाचून तेवढा भाग कापला तर लय टिकते, नाहीतर ऐन समेवर गचका बसतो. या एका कारणासाठी दिसायला कितीही देखणा प्लेअर नाकारावा.

दुसरी परीक्षा देवनागरीची. गाण्याचे नाव, कलाकार ही माहिती फाइलमध्येच टॅग म्हणून लिहिलेली असते. एमपी३ फाइलमधील सर्वात जुनी टॅगपद्धत शेवटच्या १२८ बाइटांत सगळी माहिती बसवते आणि शीर्षकाला ३० बाइट देते. त्यात देवनागरीचा विचारच नव्हता. यूटीएफ-८ या, सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या आजच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘राग मारुबिहाग’ला ३७. ते तिथे कोंबले तर ‘राग मारुबि’पर्यंतच बसते आणि पुढचा ‘ह’ अर्धवट तुटतो. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या टॅगमध्ये युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांची सोय आहे, पण प्लेअरने जुना टॅग आधी वाचला तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. शिवाय ‘कलाकार’ या एकाच रकान्यात नाट्यगीताचा गायक लिहायचा, संगीतकार की नाटककार, याचे उत्तर टॅगपद्धत देत नाही. फूबारमध्ये राग, ताल असे आपले रकाने घालून त्यांवर यादी लावता येते. एवढी हौस नसेल तर फोल्डरची नीट मांडणी करावी आणि फोल्डर जसेच्या तसे दाखवणारा प्लेअर घ्यावा. वर्षानुवर्षांच्या संग्रहाला तेच सोपे पडते.

जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली क्षीण गाणी आणि नवी दणदणीत ध्वनिमुद्रणे एकाच यादीत असतील, तर रीप्लेगेनची सोय पाहावी. ती गाण्याचा मूळ आवाज बदलत नाही; मोजलेली पातळी टॅगमध्ये लिहिते आणि वाजवताना आवाज तेवढा खालीवर करते.

अडगळीत पडलेला संगणक फक्त गाण्यांसाठी वापरायचा असेल, तर एमपीडी ही वेगळ्या घडणीची सोय आहे. तिला स्वतःचा पडदा नाही. ती मागे राहून वाजवते, हुकूम दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून द्यायचे. पहिली मांडणी सेटिंगची फाइल हाताने लिहून करावी लागते. ज्याला त्याचा कंटाळा आहे त्याने ऑडेशसवर समाधान मानावे.