खेड्यात घर किरायाने घेताना: करारनामा, कागदपत्रं आणि नोंदणी

मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघाले की मास्तर, नर्सबाई, बँकेतला कॅशियर, महावितरणचा लाइनमन असे सगळे एकदमच घर शोधायला निघतात. खेड्यात ना दलाल, ना 'भाड्याने देणे आहे'ची पाटी. पानठेल्यावर, किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारलं की कोणाचा पोरगा पुण्याला गेला आणि कोणाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, हे अर्ध्या तासात कळतं. आधीचा किरायेदार अजून गावात असेल तर त्याला भेटा. तो का निघाला, हे घरमालकापेक्षा तोच नीट सांगेल.

घर भर दुपारी पाहावं. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय दिवस निघत नाही, म्हणून कूलर बसेल अशी खिडकी आहे का आणि कूलरला घालायला पाणी पुरेल का, हे आधी बघा. नळ किती दिवसांआड येतो, बोअर कोणाच्या मालकीची, सांदवाडीतला (घरामागच्या आवारातला) संडास सामाईक आहे का, हे शेजारणीला विचारावं. मीटर वेगळं असेल तर ताज्या बिलावर जुनी थकबाकी दिसते का तेही पाहा. सबमीटर असेल तर युनिटचा दर आताच ठरवून घ्या. घरमालक आणि किरायेदार यांचं पहिलं भांडण बहुधा कूलरच्या बिलावरूनच होतं.

आता कागद. घर खरंच कोणाच्या नावावर आहे, इथून सुरुवात करा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागा. काही गावांत स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका आल्या आहेत, ती असेल तर उत्तमच. अडचण अशी की बऱ्याच घरांच्या नमुना ८ वर वारलेल्या आजोबांचंच नाव असतं, आणि किराया मात्र धाकटा काका घेतो. अशा वेळी वारसांची नावं चढवून घ्यायला सांगा. ते लवकर होणार नसेल तर सगळ्या वारसांची सही असलेलं संमतीपत्र, किंवा एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र मागा. नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा भाऊ दारात येतो, "माझा हिस्सा कुठाय?" म्हणत. घर आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर असेल आणि तुम्ही बिगर आदिवासी असाल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. तिथे भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मेळघाट, गडचिरोली भागात हे आधीच विचारून घ्यावं.

करार शक्यतो 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुमती व परवाना पद्धतीचा करतात, बहुतेक वेळा ११ महिन्यांचा. ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असं गावोगाव ठासून सांगतात. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे, हा कायदा लागू असलेल्या भागात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर किरायेदार सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, घरमालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत. घरमालक काकाजींना एवढं समजावलं तर तेच नोंदणीची घाई करतील. तुमचं गाव कायद्याच्या यादीत आहे की नाही, या वादात न पडता नोंदणी करून घ्यावी, असं माझं मत आहे.

कारण खर्च मुळात कमी आहे. एकूण किराया आणि परत न मिळणारी रक्कम धरा, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के व्याज मिळवा, आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क काढा. महिना ३५०० रुपये, ११ महिने आणि १०,००० डिपॉझिट असेल तर ३८,५०० अधिक साधारण ९१७, म्हणजे शुल्क शंभर रुपयांच्या आसपास येतं. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. दस्त हाताळणीचे पैसे आणि ऑपरेटरची मेहनत वेगळी. उलट साध्या स्टॅम्पवरच्या कराराला ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो. म्हणजे साध्या स्टॅम्पवर नोटरी करूनही फारसं काही वाचत नाही, आणि तो कागद नोंदणीकृतही ठरत नाही.

नोंदणी दोन रीतींनी होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते, पण त्यासाठी अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम लागतो. म्हणून बहुतेक जण तालुक्याच्या ठिकाणी हे काम करणाऱ्याकडेच जातात. दोघांचं आधार, असल्यास पॅन, नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती आणि आधार घेऊन दोन साक्षीदार, एवढी तयारी हवी. साक्षीदार दोघेही १८ वर्षांवरचे असावेत. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आजीबाईंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. मग त्याच दिवशी दुसरं बोट लावून पाहा, नाहीतर सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठा, ती दुसरी रीत. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर व्हावा लागतो.

करारात किराया, वीज-पाण्याचा हिशोब, घरपट्टी कोण भरणार, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि घर सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे लिहाच. पावसाळ्याआधी कवेलू (छपराची कौलं) कोण फेरणार, हेही. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे किरायाच्या दुप्पट रक्कम मागता येते, ही बाब किरायेदाराने वाचूनच सही करावी.

नोंदणी झाली की सूची क्रमांक २ ची (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची) प्रत जपून ठेवा. आधारवर पत्ता बदलायला, गॅस जोडणीला किंवा कार्यालयात मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून करार कामी येतो. मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म ८ भरा. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा आदेश असेल तर घरमालकाने ती द्यावी, आणि गावात पोलीस पाटलांच्या कानावर घालावं. ११ महिने संपले आणि राहायचंच असेल, तर जुन्याच कागदावर तारीख वाढवून चालत नाही. नवा करार, नवं शुल्क.