कॅन्टीन-मेसचं फूड लायसन्स पाण्याच्या रिपोर्टवरच का अडकतं?

एमआयडीसीतल्या कॅन्टीनवाल्यांचे, मेसवाल्यांचे फूड लायसन्सचे अर्ज भरून द्यायचं काम करतो मी, बरीच वर्षं झाली. अर्ज परत आला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेबाला काय पाहिजे?" अहो साहेबाला रिपोर्ट पाहिजे, बरोबर रिपोर्ट. बाकी सगळं नीट असतं आणि पाण्याचा रिपोर्ट नाहीतर कामाच्या पोरांचं मेडिकल सर्टिफिकेट, इथेच घोडं पेंड खातं.

बाकीचं एका दमात सांगतो. फॉस्कॉस, म्हणजे फूड लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन, लायसन्स असेल तर फॉर्म बी, छोट्या धंद्याचं नुसतं रजिस्ट्रेशन असेल तर फॉर्म ए, भाडेकरार, किचनचा लेआउट, भांडी-मशीनची यादी, ओळखपत्र, फी. झालं. दर २५ कामगारांमागे एक फॉस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतो, ते एक लक्षात ठेवा.

आता पाणी. रिपोर्ट केमिकल आणि बॅक्टेरियॉलॉजिकल (जंतूंचा) असा दोन्ही लागतो आणि लोक घेऊन येतात नुसता केमिकल, कारण तो स्वस्त पडतो. नाहीतर आरओवाल्याची सर्व्हिस स्लिप आणतात. एकजण तर खिशातून टीडीएस मीटर काढून दाखवायला लागला, "८० आलाय, एकदम शुद्ध." टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती एवढंच, जंतूंचं त्यात काही कळत नाही. टीडीएस ८० च्या पाण्यात ई-कोलाय मजेत राहू शकतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पण नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सूट नाही आणि कोलिफॉर्म जंतू १०० मिलीत एकही दिसता कामा नये. बोअरवेलवाल्यांनी नायट्रेटचा आकडा आधी बघावा, आजूबाजूला संडासाचे शोषखड्डे आणि खताची शेतं असली की तिथेच मार बसतो.

अर्ज करताना रिपोर्ट मागितला नाही म्हणून सुटलो असं समजू नका, इन्स्पेक्शनला मागणारच, चेकलिस्टमध्येच लिहिलंय की पाणी वर्षातून दोनदा तपासून रेकॉर्ड ठेवा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियां-बारे, नसांचा आजार) पेशंट निघाले, संशय दूषित पाण्यावर होता, तेव्हापासून आमच्याकडे तरी पाण्याचं फार बारकाईने विचारतात, आणि बरोबरच आहे ते.

सगळ्यात जास्त घोळ कंपनीच्या आतल्या कॅन्टीनचा. पाणी कंपनीचं, लायसन्स ठेकेदाराचं. एचआर प्रेमाने कंपनीचा रिपोर्ट देतं, त्यावर नाव कंपनीचं आणि नमुना घेतलेला असतो अ‍ॅडमिन ऑफिसच्या कूलरमधून. अधिकारी म्हणतो हे तुमच्या किचनचं पाणी नाहीच, परत पाठवा. म्हणून लॅबचा फॉर्म भरतानाच अर्जात आहे तसंच्या तसं नाव, पत्ता आणि नमुना कुठून घेतला ते लिहा, "कॅन्टीन किचन, सिंकचा नळ" असं. नंतर लॅब बदलून देत नाही, कितीही हातापाया पडा. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) किंवा सरकारी बघा, पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात भूजल सर्वेक्षणच्या लॅब आहेत. एनएबीएल असली तरी पाण्यातल्या जंतूंची तपासणी तिच्या यादीत आहे का हे फोन करून विचारा.

नमुना घेणं हे स्वतंत्र प्रकरण. मेस चालवणाऱ्या एक ताई कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन थेट माझ्याकडे आल्या. म्हटलं ताई, हे चालत नाही. "अहो भाऊ, गरम पाण्याने तीनदा धुतलीय की." लॅबकडून निर्जंतुक बाटली आणून दिली तर तीही विसळली, का तर तळाला पांढरी पावडर दिसली! ती पावडर मुद्दाम टाकलेली असते, पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम थांबवायला, म्हणजे नळाशी होते तेवढेच जंतू लॅबमध्ये मोजले जातात. बाटली विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. नळाची जाळी, प्लास्टिकची नळी काढा, तोटी स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, मग भरा, वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांत पोचवलं तर उत्तम, २४ तासांच्या वर अजिबात नको. शनिवारी संध्याकाळी नमुना घेऊन रविवारी लॅबला कुलूप बघणारे दरवर्षी भेटतात मला.

रिपोर्ट खराब आला तर दुसरी "सोयीची" लॅब शोधत फिरू नका. टाकी घासा, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, अर्धा तास थांबा, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन दाखवणारी रंगाची टेस्ट करा, पिवळसर रंग आला आणि क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी दिसलं की लागा कामाला. क्लोरीनचं पाणी काढून नेहमीचं पाणी सुरू झालं की मग नवा नमुना.

मेडिकलचं थोडक्यात. फूड लायसन्सच्या नियमांतल्या शेड्यूल ४ मधल्या फॉर्मॅटमध्येच पाहिजे, प्रत्येकाचं वेगळं, दरवर्षी, टायफॉइडच्या लसीची नोंद, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर. पोरं दोन महिन्यांनी बदलतात हे मान्य, पण म्हणून एका दिवसात बारा सर्टिफिकेटं एकाच अक्षरात आणू नका. एकाकडे इन्स्पेक्शनला साहेबांनी त्यातलं एक नाव घेऊन हाक मारली, तो पोरगा चार महिन्यांपूर्वीच गावी गेलेला.

आणि तारीख. त्रुटी काढल्यावर उत्तराला ३० दिवस मिळतात, ते नोटीस निघाल्यापासून, तुम्ही लॉगिन करून वाचलं तेव्हापासून नाही. मुदत गेली की अर्ज रद्द, परत पहिल्यापासून. मोबाईल नंबर एजंटाचा टाकलेला असतो, मेसेज त्याला जातो, तो गणपतीला कोकणात. स्वतःचा नंबर टाका हो! जंतूंची तपासणी म्हणजे नमुना उबवून बघावा लागतो, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळत नाही, त्यामुळे ३० दिवस वाटतात तेवढे नसतात.

त्या ताईंचे दोन नमुने फेल गेले, टाकी दोनदा घासून झाली, २२ वा दिवस उजाडला. शेवटी मीच गेलो सकाळी, नळाची जाळी फिरवून काढली तर आत हिरवं, बुळबुळीत. जाळी बदलली आणि तिसरा रिपोर्ट निल आला, एकही कोलिफॉर्म नाही.