मोटरहोमच्या दाराचं हँडल: दुरुस्ती आणि बदली

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, राहत्या भागाच्या दाराला जे हँडल असतं त्यात बाहेरून ओढायची पट्टी, आतला खटका, दोघांना जोडणारा दांडा, स्प्रिंग, लॅचची जीभ (दार लावल्यावर चौकटीत अडकणारा तुकडा), किल्ली फिरते तो सिलिंडर आणि बऱ्याचदा वरती एक वेगळा डेडबोल्ट, म्हणजे किल्लीने सरकणारा जाड अडसर, असा सगळा संसार एकाच डबीत कोंबलेला असतो, म्हणून कोणी हँडल बदललं म्हणतं तेव्हा त्याने बहुतेक अख्खी डबीच बदललेली असते. ड्रायव्हरच्या केबिनचे दरवाजे हे वेगळं प्रकरण, ते मूळ व्हॅनच्या कंपनीचे असतात आणि पार्टही तिथलेच लागतात. तिथे एक सोय अशी की फियाट डुकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर ह्या तिन्ही व्हॅन सख्ख्या बहिणी, एकाच पिढीची गाडी असेल तर एकीचं हँडल सहसा दुसरीला बसतं, त्यामुळे तिन्ही नावांनी शोधून बघावं. इथून पुढे बोलायचंय ते राहत्या भागाच्या दाराबद्दल.

बऱ्याच हँडलच्या आत जो राखाडी, हाताला जड लागणारा धातू दिसतो तो लोखंड नसून झॅमॅक असतो. जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि प्रकाराप्रमाणे कमीजास्त तांबं, असा हा मिश्रधातू १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने काढला आणि नाव पडलं ते ह्याच धातूंच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून. साच्यात ओतायला एकदम मस्त, बारीक कान-खाचा एका दमात तयार होतात, पण ताण आला की वाकून इशारा वगैरे फारसा देत नाही, तडकन तुटतो. आणि साधारण ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे तुकडे घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर तो बहुतेक हात जोडेल, कारण सांधा बसायच्या आधी तुकडाच ओघळतो. प्लास्टिकच्या हँडलची गोष्ट वेगळी, ते उन्हाने मरतं, आधी रंग उडतो, मग वर पांढरट भुकटी येते, मग एखाद्या थंड सकाळी ओढलं की पट्टी हातात.

तुटायची जागा जवळजवळ ठरलेली असते, पट्टी ज्या बारीक पिनवर फिरते ती पिन धरून ठेवणारा भोकाचा कान. त्याआधी बरेच दिवस हँडल आपल्याला सांगत असतं. ओढताना सुरुवातीचं थोडं अंतर पोकळ जातं, सोडल्यावर पट्टी पूर्ण मागे येत नाही, दार उघडायला खांद्याने ढकलून मग ओढावं लागतं. ह्यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तिच्याकडेच बघत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की दहातली निम्मी हँडलं स्वतःच्या दोषाने तुटतच नाहीत, दार खाली बसलेलं असतं म्हणून तुटतात. गाडी धावताना अख्खी बॉडी पिळली जाते, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात, दार २-३ मिलिमीटर उतरतं, मग लॅचची जीभ चौकटीवरच्या स्ट्राइक प्लेटच्या, म्हणजे जीभ अडकते त्या धातूच्या पट्टीच्या, भोकात सरळ न जाता कडेवर घासते, आणि ती घासत बाहेर ओढायचा सगळा जोर त्या बिचाऱ्या कानावर येतो. असं असताना नुसतं नवीन हँडल लावलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

तपासायला एक सोपी युक्ती आहे, जिभेला लिपस्टिक किंवा ओला खडू फासायचा, दार हळू लावायचं, उघडायचं आणि प्लेटवर डाग कुठे पडला ते बघायचं. डाग भोकाच्या खालच्या कडेवर असेल तर आधी बिजागऱ्या आवळा, तेवढ्याने नाही जमलं तर प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट सरकवा, फारच थोडं अडत असेल तर कानशीने भोक जरा वाढवा. हे करताना गाडी सपाट जागी पाहिजे. एक चाक खड्ड्यात असेल किंवा जॅक नीट लावले नसतील तर चौकटच तिरकी होते, आणि चांगलं दारसुद्धा अडकतं. दुसरं कारण म्हणजे आपणच, पायरी चढताना लोक दाराचं हँडल धरून स्वतःला वर ओढतात. त्यासाठी बाजूला पकडायचा दांडा असतो, तो सैल झालेला असेल तर हँडलच्या आधी तो पक्का करा.

हँडल तुटलेलं नाही, फक्त जड चाललंय, अशा वेळी बदलायची घाई नको. उघडून जुनं चिकट ग्रीस आणि धूळ काढली, स्प्रिंग जागेवर बसवली, फिरत्या भागांना थोडं लिथियम ग्रीस लावलं की बऱ्याचदा काम होतं. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, तिथे ग्रॅफाइट पावडर किंवा सुका टेफ्लॉन स्प्रे. डब्ल्यूडी-४० हा मुळात १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेला पदार्थ, अडकलेलं सोडवायला छान, पण कायमचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

बदलायचंच ठरलं तर ऑर्डर द्यायच्या आधी जुनं काढून मोजा. दाराची जाडी, भोकाची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, दाराच्या कडेपासून डबीच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि बिजागरी डावीकडे की उजवीकडे. अमेरिकेतल्या मागे ओढून न्यायच्या ट्रेलरच्या दारांना बऱ्याचदा साधारण पावणेतीन बाय पावणेचार इंचांचं, म्हणजे ७० बाय ९५ मिलिमीटरचं भोक सापडतं, पण मोटरहोमचं लॉक सहसा वेगळ्याच घडणीचं असतं, म्हणून दोन्ही एकच समजून मागवलेलं पार्सल परत जातं.

काढायचे स्क्रू जवळजवळ नेहमी आतल्या बाजूने असतात. दोन स्क्रू सुटले की बाहेरचा भाग धपकन पडतो आणि रंग खरवडतो, त्यामुळे आधी बाहेरून टेप मारून ठेवा. भोकाखालीही आतून टेपची एक झोळी करा, कारण दाराच्या पोकळीत पडलेला स्क्रू परत मिळत नाही, तो पुढे प्रत्येक वळणावर खुळखुळून आठवण करून देतो. डबी उघडायच्या आधी फोटो काढा. स्प्रिंग उडते, ती कुठल्या खाचेत होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

नवीन बसवताना हँडलच्या मागे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) किंवा चांगली फोमची गॅस्केट हवी, नाहीतर पावसाचं पाणी भोकातून दाराच्या आत उतरतं, आतली लाकडी पट्टी कुजते आणि मग स्क्रू धरायला काही उरत नाही. सिलिकॉन टाळलेलं बरं, पुढच्या वेळी खरवडताना जीव जातो आणि उरलेल्या थरावर दुसरं काही चिकटत नाही. स्टेनलेसचा स्क्रू थेट ॲल्युमिनियमच्या दारात बसला आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट लावावी. स्क्रू हाताने आवळा, ड्रिल मशीनने आवळलं तर डबी दबते आणि खटका जाम होतो.

आणि चाचणी दार उघडं ठेवून करायची. जीभ बोटाने दाबून आतून, बाहेरून, किल्लीने, सगळ्या बाजूंनी दहा-बारा वेळा. मी एकदा उत्साहात नवीन हँडल लावून लगेच दार ओढून घेतलं, दांडा एका बाजूला पूर्ण बसलाच नव्हता, आतला खटका नुसता फिरत राहिला, शेवटी पुढे केबिनमधून उतरून बाहेर यावं लागलं. तेव्हा हसलो, पण आग लागली असती तर तेच दार बाहेर पडायची मुख्य वाट असतं.

प्रवासात तुटलं तर पट्टी काढून पक्कडीने दांडा फिरवता येतो, धातूची भुकटी असलेला इपॉक्सी गोंद काही दिवस धरतो. थ्रीडी प्रिंटरवर कान बनवणारेही आहेत, फक्त पीएलए ह्या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकचा बनवू नका, तो साधारण ६० अंशांना मऊ होतो आणि उन्हातलं दार तेवढं सहज तापतं. एएसए नावाचं प्लास्टिक चालतं, ते ऊनही सोसतं.

शेवटचा मुद्दा किल्ल्यांचा. नवीन डबीबरोबर नवीन किल्ली येते, जुनीच ठेवायची असेल तर सिलिंडर काढून नव्यात घालता येतो का ते विकत घेण्याआधी बघा. मुख्य दाराचं लॉक एवढं काळजीने बदलताना बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांकडेही बघून घ्या, अमेरिकन बनावटीच्या असंख्य गाड्यांत त्यांना सीएच७५१ नावाची एकच किल्ली लागते, म्हणजे शेजारच्या गाडीवाल्याच्या खिशात तुमच्या कप्प्याची किल्ली असू शकते.